मिक्सर, घरघंटी आणि भिंतीतला सॉकेट

माझ्या भाचीने बडोद्यातल्या कारेलीबागेत नवे घर घेतले आणि स्वयंपाकघरासाठी घ्यायच्या यंत्रांची यादी पाठवून "मावशी, यातले काय ठेवू आणि काय काढू?" असे विचारले. यादी नीट केलेली होती. प्रत्येक यंत्रासमोर वॅट, लिटर, मोटारीची हमी आणि स्वयंचलित मेनूंची संख्या असे सारे लिहिलेले होते. मात्र यंत्र ओट्यावर कुठे राहील, त्याची पिन कोणत्या सॉकेटमध्ये जाईल आणि वापरून झाल्यावर ते कोण धुईल, याचा उल्लेख एकाही ओळीत नव्हता. माझी आत्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत शिकलेली. नवी वस्तू घरात येण्याआधी ती ओट्याची लांबी आणि मोरीचा नळ मोजायची, म्हणून आम्ही तिची चेष्टा करत असू. आता मी स्वतः तेच करते आणि भाचीलाही तेच सांगितले.

यादीतली पहिली वस्तू अर्थातच मिक्सर होती. आपल्याकडे मिक्सरला ओली चटणी, सुके खोबरे, दाण्याचे कूट, भिजवलेली डाळ आणि क्वचित हळकुंडसुद्धा वाटावे लागते. परदेशी बनावटीची यंत्रे या कामाला पुरी पडत नव्हती, म्हणूनच सत्यप्रकाश माथुर यांनी १९६३ साली 'सुमीत' सुरू केला आणि पुढे कित्येक घरांत मिक्सरला सुमीतच म्हणू लागले. आज दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो ५०० वॅट की ७५० वॅट असा. हा आकडा मोटार किती वीज ओढते ते सांगतो. वाटण किती बारीक होईल हे पाते, भांड्याचा आकार आणि भांड्याच्या भिंतीवरील उभ्या कंगोऱ्यांवर अवलंबून असते, कारण हे कंगोरे नसतील तर जिन्नस पात्याभोवती नुसता गरगरत राहतो. चटणी, कूट आणि रोजचे वाटण एवढेच काम असेल तर ५०० वॅट पुरे आहेत. वर्षाचा मसाला घरी करणाऱ्यांनी किंवा दर आठवड्याला डोशाचे पीठ वाटणाऱ्यांनी ७५० वॅट घ्यावेत.

वॅटपेक्षा मी लहान भांड्याकडे अधिक बारकाईने पाहते. तीन माणसांच्या घरात चटणी वाटीभरच लागते, आणि दीड लिटरच्या भांड्यात वाटीभर चटणी घातली की ती कडेला चिकटते आणि पाते रिकामेच फिरते. लहान भांडे तीनशे-चारशे मिलिलिटरचे असावे, त्याचे पाते तळाच्या जवळ असावे आणि झाकण एका हाताने दाबून धरता यावे. मिक्सरच्या तळाशी किंवा मागे जी पट्टी असते, तिच्यावर सहसा ३० मिनिटांचा उल्लेख आढळतो. सलग अर्धा तास चालवण्याची परवानगी असा त्याचा अर्थ नाही. साधारणपणे पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे विसावा, असे सहा वेळा, हे त्यातून अभिप्रेत असते. बडोद्याच्या मे महिन्यात ओट्यापाशीच उकाडा इतका असतो की, मी त्या पाच मिनिटांचीही दोन-तीनच करते. मोटार तापून बंद पडली तर बहुतेक मिक्सरांना खाली एक लाल बटण असते; ते थोड्या वेळाने दाबले की यंत्र पुन्हा चालू होते. कित्येक जण हे माहीत नसल्यामुळे मिक्सर थेट दुरुस्तीला नेतात.

पुरण मिक्सरमध्ये करू नये असे माझे ठाम मत आहे. गरम, घट्ट पुरणाने मोटारीवर ताण येतो आणि एवढे करून पोत चिकट होतो तो वेगळाच. त्यापेक्षा हाताने फिरवायचे पुरणयंत्र बरे. ते धुवायलाही सोपे जाते. इडली-डोशाच्या पिठाचे म्हणाल तर मिक्सरच्या वेगवान पात्याने पीठ तापते, म्हणून थंड पाणी घालून थोडे थोडे वाटावे. रोज पीठ लागणाऱ्या घराने मात्र दगडी ग्राइंडरचा विचार करावा. कोइंबतूरच्या ग्राइंडरला भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते उगाच नाही, पण त्याचे वजन इतके असते की तो कपाटातून काढून ओट्यावर ठेवण्याचा उत्साह महिनाभरही टिकत नाही. त्याला ओट्यावर कायमची जागा देता येत असेल तरच तो घ्यावा.

आता घरघंटी, म्हणजे घरच्या घरी पीठ दळायची विजेची छोटी गिरणी. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे प्रकरण जरा नवलाचे वाटते, पण गुजरातेत राहणाऱ्या मराठी घरांत ती बहुधा असतेच. आमच्याकडे पोळीला बारीक पीठ लागते, गुजराती पद्धतीच्या भाखरीला जाडसर लागते, लाडवाला त्याहून रवाळ, आणि ढोकळ्यासाठी तांदूळ-डाळीची भरड. गिरणीवाल्याला हे सगळे समजावत बसण्यापेक्षा घरी जाळी बदलली की काम झाले. म्हणूनच घरघंटी निवडताना माझ्या दृष्टीने जाळ्या हाच मुख्य मुद्दा आहे: त्या किती जाडीच्या मिळतात, त्यांवर क्रमांक ठळक आहेत का, आणि पाना-पेचकस न घेता त्या बसवता येतात का. मोटार बहुतेक ठिकाणी एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे पाऊण किलोवॅटची असते, त्यामुळे तासभर दळले तरी वीज साधारण पाऊण युनिटच जळते. विजेच्या बिलाची भीती बाळगायचे कारण नाही. दार उघडताच यंत्र थांबवणारा स्विच मात्र असलाच पाहिजे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

घरघंटीचे खरे काम दळण झाल्यावर सुरू होते. दळणाच्या कप्प्याच्या कोपऱ्यांत आणि कापडी पिशवीत पीठ अडकून राहते आणि पावसाळ्यात त्याला किडे होतात. दुकानदार बाहेरचे चकचकीत लाकूड आणि आतला दिवा दाखवतो. आपण त्याला कप्पा उघडायला सांगून ब्रश कुठपर्यंत पोहोचतो ते पाहावे. भाजणीची धान्ये पूर्ण गार झाल्याशिवाय घालू नयेत, धुतलेले धान्य खडखडीत वाळलेले असावे, आणि तीळ किंवा दाणे यांसारखे तेलकट जिन्नस घालूच नयेत, कारण त्यांनी जाळी बुजते. दोघांच्या घरात, तेही आठवड्यातून तीन दिवस बाहेर जेवणाऱ्यांच्या, घरघंटी घेऊ नये असे मी भाचीला सांगितले. तिला ते फारसे आवडले नाही.

शेगडीबाबत बडोद्यातल्या लोकांना एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते, कारण इथे पुष्कळ घरांत नळाचा गॅस आहे. त्याचा दाब आणि उष्मांक सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असल्यामुळे बर्नरला मोठ्या छिद्राचा जेट (गॅस सोडणारी बारीक तोटी) लागतो, आणि सिलिंडरसाठी बनवलेली शेगडी तशीच जोडली तर ज्योत मरगळलेली येते. जेट जाणकाराकडून बदलून घेता येतात, पण ते त्या मॉडेलसाठी मिळतात का, हे आधीच विचारावे. भारतीय मानकानुसार सिलिंडरच्या शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, त्यामुळे आयएसआय चिन्ह पाहणे हा उपचार समजू नये. चार बर्नरच्या मोहापेक्षा दोन बर्नरमधले अंतर मोजावे: एका बाजूला पाच लिटरचा कुकर आणि दुसऱ्या बाजूला पोळीचा तवा एकमेकांना न लागता राहतात का, एवढे पाहिले की पुरे. आपोआप पेटणाऱ्या बटणांचे मला कौतुक नाही. दूध उतू गेले की ती बंद पडतात आणि लायटर पुन्हा बाहेर येतोच.

इंडक्शन, केटल, ओटीजी (भाजण्या-शेकण्याचा विजेचा ओव्हन) या सगळ्यांचा प्रश्न भिंतीत आहे. घरातला लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला तो १३८० वॅटपर्यंतच साथ देतो. २००० वॅटच्या इंडक्शनला जवळपास ९ अँपिअर लागतात, म्हणून त्याला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. ओट्यावर असा एकच सॉकेट असेल तर इंडक्शन आणि ओव्हन एकाच वेळी चालवण्याचे मनसुबे सोडून द्यावेत किंवा यंत्रे आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे. इंडक्शनवर ॲल्युमिनियमची साधी भांडी चालत नाहीत. तळाला लोहचुंबक चिकटले तरच भांडे चालेल, तेव्हा एक चुंबक घेऊन घरातली पातेली आधी तपासावीत. मंद आचेवर कित्येक इंडक्शन अखंड मंद न राहता थांबून-थांबून चालतात, त्यामुळे बासुंदी आटवायला मला गॅसच भरवशाचा वाटतो.

मायक्रोवेव्हवरचे शंभर-दोनशे मेनू कोण वापरते, हे मला अजून कळलेले नाही. बहुतेक घरांत अन्न गरम होते, बटाटे शिजतात, पापड भाजले जातात. त्याला २० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह पुरतो, फक्त आपला नेहमीचा काचेचा डबा फिरत्या थाळीवर अडकत नाही ना, हे पाहावे. नानकटाई किंवा केक करायची हौस असेल तर वरची आणि खालची कांडी स्वतंत्रपणे लावता येणारा ओटीजी घ्यावा, तो स्वस्तही पडतो.

पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राबद्दल एवढेच सांगते की, आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, मोजावे. भारतीय मानकात प्रति लिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह मानले आहे. महापालिकेचे पाणी या मर्यादेत असेल तर आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारे यंत्र) घेऊन अर्धेअधिक पाणी मोरीत सोडण्यात अर्थ नाही. बोअरवेलवर चालणाऱ्या सोसायटीची गोष्ट वेगळी. चिमणीचा ओढ दाखवणारा आकडाही असाच फसवा आहे, कारण तो नळी न जोडता मोजलेला असू शकतो. नळी लांब आणि दोन-तीन वळणांची असेल तर धूर घरातच राहतो, तेव्हा बाहेर जाण्याची वाट सरळ नसेल तर चांगला एक्झॉस्ट पंखा लावून पैसे वाचवावेत.

हमीच्या कार्डावर 'मोटारीला पाच वर्षे' हे मोठ्या अक्षरात असते आणि भांडी, कपलर (भांडे मोटारीला जोडणारा तुकडा), रबर यांना हमी नाही हे बारीक अक्षरात. मोडतात त्या नेमक्या याच वस्तू. भांड्याच्या तळाचा कपलर झिजणारच, आणि तो स्वस्तात बदलता आला तर मिक्सर दहा-बारा वर्षे सहज चालतो. म्हणून मी दुकानात किंमत विचारण्याआधी लहान भांड्याचे पाते, कपलर आणि झाकणाचे रबर सुटे मिळते का आणि शहरात कुठे मिळते, हे विचारते. "पूर्ण भांडेच घ्यावे लागेल" असे उत्तर आले, तर ते मॉडेल कितीही देखणे असले तरी मी यादीतून काढते.