लागोसचं तिकीट एवढं महाग का, आणि तरी विमानं भरतात कशी

बेळगावात तिकिटाच्या धंद्यात बसलं की दुबई, मस्कत, कतार हे रोजचंच, पण हल्ली नायजेरियाला जाणारी पोरंही येतात, कुणी खानापूरचा वेल्डर, कुणी उद्यमबागेत मशीन शॉपला काम केलेला फिटर, कुणी निपाणीकडचा अकाउंट्स बघणारा, आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, अण्णा, दुबईला एवढ्यात जाऊन येऊन होतंय की, मग नायजेरियातल्या लागोस शहरालाच काय सोनं लागलंय? काउंटरवर उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून हे लिहितोय.

मला एवढी वर्षं बघून जे कळलंय ते असं, की त्या देशात विमानाला गर्दी किती हे बघायच्या आधी नायरा, म्हणजे तिकडचं चलन, काय करतोय ते बघायला पाहिजे आणि रस्ते कसे आहेत ते बघायला पाहिजे. लोकांकडं पैसा आला म्हणून विमानं भरली असं आपण इथं बसून धरतो, तिकडं तो हिशोब लागत नाही.

नायऱ्याचं आधी सांगतो. परदेशी एअरलाइन लागोसमध्ये तिकीट विकते ते नायऱ्यात, पण तिला विमानाचं भाडं, सुटे भाग, सगळं डॉलरमध्ये द्यायचं असतं, आणि तिकडच्या सेंट्रल बँकेकडं द्यायला डॉलरच नव्हते. पैसे कमावलेत पण देशाबाहेर नेता येत नाहीत अशी गत. जून २०२३ मध्ये आयाटाने, म्हणजे एअरलाइन्सच्या जागतिक संघटनेनं, आकडा दिला तेव्हा एकट्या नायजेरियात एअरलाइन्सचे ८१ कोटी डॉलरच्या वर अडकलेले होते, जगात सगळ्यात जास्त. एमिरेट्सनं त्याच कारणानं २०२२ च्या सप्टेंबरात एकदा सर्व्हिस थांबवली, मधे थोडे दिवस चालू केली आणि ऑक्टोबरच्या शेवटी बंदच केली, ती लागोसला परत आली १ ऑक्टोबर २०२४ ला. मधली दोन वर्षं आपल्याकडच्या माणसाला दुबईवरून सरळ जायची ती वाट गेली, मग मुंबईहून अदिस अबाबा आणि तिथून लागोस असं इथिओपियन एअरलाइन्सवर बराच भार.

आणि ज्या एअरलाइन्स राहिल्या त्यांनी काय केलं, नायजेरियात विकायची स्वस्तातली तिकिटं बंद करून टाकली, फक्त वरच्या फेअरची ठेवली. म्हणजे तेच विमान, तीच सीट, पण लागोसहून सुरू होणारं तिकीट घेतलं तर भाव एक आणि बाहेरून कुणी काढून दिलं तर भाव दुसरा. तिकडचे लोक लंडनच्या भावाला नाहीतर बहिणीला सांगून तिकीट काढायला लागले. म्हणून मी पोरांना अजून सांगतो, जाऊन येऊन तिकीट मुंबईहून सुरू होणारं घ्या, कंपनीला पण तेच सांगा.

मग जून २०२३ मध्ये सरकारनं नायरा मोकळा सोडला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर ठरू दिला. डॉलरला ४७० च्या आसपास होता तो फेब्रुवारी २०२४ पर्यंत १५०० च्या वर गेला. अडकलेले पैसे हळूहळू सुटले, एप्रिल २०२४ पर्यंत ९८ टक्के मिळाले असं आयाटानंच सांगितलं, एअरलाइन्सचं दुखणं बरं झालं, पण नायऱ्यात पगार घेणाऱ्या माणसाचं काय, त्याला तेच तिकीट तिप्पट पडायला लागलं. त्यात थोडा दिलासा मिळाला तो ३० मार्च २०२४ ला, तिकडच्याच एअर पीस या एअरलाइननं लागोस ते लंडन गॅटविक चालू केलं तेव्हा, त्या मार्गावर बाकीच्यांनाही भाव खाली आणावे लागले.

आता एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. नायरा मोकळा सोडायच्या आधी तिकडं परदेशी जाणाऱ्याला बँक सरकारी भावानं डॉलर द्यायची, स्वतःच्या प्रवासाला तीन महिन्यांत ४००० आणि धंद्याच्या प्रवासाला ५०००, आणि बाजारातला भाव सरकारी भावापेक्षा खूप वर असायचा. मग काही जण तिकीट काढायचे, व्हिसा दाखवायचे, डॉलर उचलायचे आणि तिकीट कॅन्सल. एवढं वाढलं की २०२१ मध्ये सेंट्रल बँकेनं बँकांना अशा लोकांची नावं जाहीर करायला सांगितली. म्हणजे त्या काळात विकलेल्या तिकिटांवरून कुणी मागणी मोजली असेल तर त्यात डॉलरसाठी काढलेली तिकिटं पण आली की, प्रत्यक्ष गेलेला माणूस वेगळा मोजायला पाहिजे.

देशातल्या देशात उडणाऱ्यांचं अजून वेगळं. २०२२ च्या सुरुवातीला तिकडच्या एअरलाइन्सनी एकेरी बेस फेअर ५०,००० नायरा केला, तेव्हा किमान पगार महिन्याला ३०,००० होता, तो ७०,००० झाला २०२४ मध्ये. पगारापेक्षा तिकीट मोठं, तरी राजधानी अबुजा, कडुना, लागोसची विमानं भरत होती, कारण रस्त्यावर माणसं पळवून नेतात, खंडणी मागतात. २८ मार्च २०२२ ला अबुजा-कडुना रेल्वेवरच हल्ला झाला, माणसं मेली, कितीतरी जणांना उचलून नेलं, गाडी डिसेंबरपर्यंत बंद राहिली. असं असताना घरातली बाई दागिना मोडून नवऱ्याला विमानानं पाठवत असेल तर तो खर्च चैनीत धरायचा का? मला हे वाचून फार वाईट वाटतं, आणि प्रवासखर्चाच्या तक्त्यात हे सगळं नुसतं 'विमान' म्हणून एका ओळीत येतं.

डिसेंबरची गर्दी मात्र आपल्याला लगेच कळेल, चतुर्थीला पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्सचं होतं तसंच. लंडन, अमेरिकेतली माणसं नाताळाला गावी येतात, आणि लागोसमधले इग्बो समाजाचे लोक पूर्वेला आपल्या गावी एनुगू, ओवेरी, असाबाकडं जातात, त्याच भागातल्या अनाम्ब्रा राज्यात तर डिसेंबर २०२१ मध्ये नवीन एअरपोर्टच झाला. जाताना सीट नाही आणि परत येणारं विमान अर्धं रिकामं, मग रिकाम्या फेरीचा खर्च पण जाणाऱ्याच्याच तिकिटावर.

त्यामुळं नवीन जॉइन होणाऱ्या पोरांना माझं सांगणं, डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागोसला जायचं टाळा, कंपनी ऐकत असेल तर जानेवारी मागून घ्या. यलो फिव्हरचं इंजेक्शन निघायच्या निदान १० दिवस आधी झालेलं पाहिजे, त्याचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, हँडबॅगेत ठेवा. आणि लागोसहून पुढं कानो किंवा दुसरीकडं जायचं असेल तर त्या दिवसांत सहारावरून धूळ येते, हरमटान म्हणतात, सकाळची विमानं उशिरा सुटतात नाहीतर कॅन्सल होतात, आणि तिकडच्या बऱ्याच एअरपोर्टना रात्री विमान उतरवायची सोय नाही, त्यामुळं उशीर झाला की दिवस गेलाच. मी अशा वेळी लागोसला एक रात्र मुक्काम धरूनच पुढचं तिकीट काढतो, कंपन्या हॉटेलच्या खर्चावरून कुरकुर करतात, पण पहिल्यांदाच घर सोडलेला पोरगा अनोळखी शहरात रात्री एअरपोर्टवर बसून राहण्यापेक्षा तो खर्च केलेला बरा.