सेंटर फील्डर किती मागे उभा होता?

बेसबॉलचा हंगाम संपल्यावर नोव्हेंबरात एका सेंटर फील्डरचा, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात मधोमध उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाचा, अहवाल करायचा होता. त्याचा करार वाढवायचा की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरणार होतं. सकाळी दोन आकडे शेजारी मांडले आणि काम तिथेच अडलं. डीआरएस (क्रिकेटमधला नव्हे, इथे त्याचा अर्थ क्षेत्ररक्षकाने वाचवलेल्या धावा) त्याला शून्याच्या बराच खाली दाखवत होता. ओएए, म्हणजे सरासरी खेळाडूपेक्षा किती जास्त बाद केले याचा हिशोब, त्याला चांगला वर ठेवत होता. माणूस तोच, हंगाम तोच, चेंडूही तेच.

अशा वेळी आधी एकक तपासायचं. निम्मे वाद इथेच मिटतात. डीआरएस धावांत असतो आणि आउटफील्डरच्या (मागच्या भागातल्या क्षेत्ररक्षकाच्या) बाबतीत त्यात थ्रोचं मोलही धरलेलं असतं. ओएए फक्त बाद मोजतो, हाताचा जोर त्यात नाही. म्हणून डीआरएसमधून थ्रोचा भाग वेगळा काढला आणि ओएएला 0.9 ने गुणलं, कारण आउटफील्डमधला एक जास्तीचा बाद साधारण तेवढ्या धावांचा असतो. दरी थोडी कमी झाली, पण मिटली नाही.

मग बेरजा बाजूला ठेवून एकेक चेंडू काढला. दोन्ही याद्या तारीख, डाव आणि बॅटर यांवरून जुळवल्या आणि ज्या चेंडूंवर दोन्ही हिशोबांत 0.3 बादपेक्षा जास्त फरक होता तेवढेच ठेवले. सेंटर फील्डरकडे हंगामात शेकड्यांनी चेंडू येतात, पण त्यातले बहुतेक झेल कोणीही घेईल असे असतात. माझ्या यादीत उरले जेमतेम वीस, आणि बहुतेक सगळे त्याच्यासमोर पडलेले.

त्यातली एक क्लिप मी दहा वेळा तरी पाहिली. चेंडू चार सेकंद हवेत आहे. बॅटचा आवाज होताच तो सरळ पुढे धावत सुटतो, पहिलं पाऊल अजिबात चुकत नाही, पण शेवटी तीन-चार पावलं कमी पडतात आणि चेंडू टप्पा घेतो. ओएए तो कुठे उभा होता तिथून अंतर मोजतं, चेंडू किती वेळ हवेत होता हे धरतं आणि म्हणतं, हा झेल 25 टक्के शक्यतेचा. सुटला, तर उणे 0.25. घेतला असता तर अधिक 0.75. डीआरएसचा जुन्या पद्धतीचा हिशोब आउटफील्डरच्या उभं राहण्याची जागा धरत नाही. चेंडू कुठे पडला, किती जोरात आणि किती उंच गेला एवढंच बघतो. तसा चेंडू इतर सेंटर फील्डर 70 टक्के वेळा झेलत असतील, तर याच्या खात्यावर उणे 0.70. एका चेंडूवर 0.45 बादचा फरक. असे वीस चेंडू म्हणजे 9 बाद, म्हणजे सुमारे 8 धावा. साधारण 10 धावांना एक विजय धरतात, त्यामुळे हा फरक करारात लाखो डॉलरचा होतो.

नवा तो बरोबर आणि जुना तो चूक, असं मात्र म्हणता येत नाही. ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. धावून चेंडू गाठण्याचं कसब किती, हे ओएए सांगतं. त्या जागेवरून संघाला शेवटी काय मिळालं, हे डीआरएस सांगतो, आणि त्यात उभं राहण्याचा निर्णयही मिसळलेला असतो. क्रिकेटमध्ये कप्तानाने क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पाठवला आणि चेंडू त्याच्यासमोर पडून एक धाव गेली, तर ती त्या पोराच्या नावावर आपण मांडत नाही.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण सेंटर फील्डर डेक्स्टर फाउलरचं. शिकागो कब्स संघाकडून 2015 मध्ये त्याचा डीआरएस उणे 12 होता. 2016 मध्ये त्याला आधीपेक्षा बरंच मागे उभं केलं आणि आकडा अधिक 1 झाला. वय एका वर्षाने वाढलं होतं, पाय तेच होते. बदलली ती सुरुवातीची जागा. डोक्यावरून जाणारा चेंडू दोन-तीन बेस (धाव पूर्ण करताना गाठायचे टप्पे) देतो, समोर पडणारा बहुधा एकच, म्हणून मागे सरकणं त्याला फळलं.

आमचा खेळाडूही मागेच उभा राहायचा, मग त्याला ते का फळलं नाही? डोक्यावरून जाण्याजोगे चेंडू त्या हंगामात त्याच्याकडे फार आलेच नव्हते. सौद्यातला तोटा पदरात पडला, नफा मिळायला संधीच आली नाही. पुढच्या वर्षी उलटं होऊ शकतं. तीन हंगाम एकत्र केल्याशिवाय असल्या आकड्यांवर फार भार टाकू नये असं म्हणतात ते याचसाठी. मी तेच केलं: तीन वर्षं घेतली, ताज्या वर्षाला जास्त वजन दिलं आणि योगायोगाचा वाटा कमी करायला बेरीज सरासरीकडे ओढली. अहवालात एक आकडा न लिहिता पट्टा लिहिला, सरासरीपासून सरासरीच्या थोडं वरपर्यंत.

संध्याकाळी त्या क्लिप पुन्हा लावल्या, या वेळी पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातातून चेंडू सुटण्याच्या आधीपासून. बऱ्याच क्लिपमध्ये तेच दिसलं: तो मागच्या खिशातून कुठे उभं राहायचं ते सांगणारं, संघाने दिलेलं कार्ड काढतो, बॅटरकडे एकदा बघतो, कार्ड खिशात घालतो आणि सहा पावलं मागे जातो. तेवढ्या क्लिप मी अहवालाला जोडल्या.