मोहरीच्या हंगामासाठी एका पेटीत दोन राण्या

आमच्या मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाश्यांच्या पेट्या थंडीत राजस्थानात, भरतपूरच्या बाजूला मोहरीवर जातात. पावसाळा मात्र इथेच नगर जिल्ह्यात काढायचा असतो आणि तो माश्यांना जड जातो. फुलोरा तुटक, पावसाने बाहेर पडणं बंद, साखरेच्या पाकावर दिवस ढकलायचे, रिकाम्या पोळ्यांना मेणकिडा लागतो तो वेगळाच. दहा चौकटींची (एका चौकटीत एक पोळं) पेटी ऑगस्टअखेर चार-पाच चौकटींवर येते. बाजरी फुलली की परागकण मिळतात आणि राणी पुन्हा जोमाने अंडी घालते. तरीही मोहरीवर पोचल्यावर अर्धा हंगाम वसाहत स्वतःलाच वाढवत बसते. पेटी माश्यांनी तुडुंब होते, तोवर मोहरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात. हे बघून बघून मी एका पेटीत दोन राण्यांकडे वळलो.

पद्धत जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये क्लेटन फरार यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात ती शिस्तीने बसवली. त्यांची मोजणी मी कधी विसरत नाही: 15,000 माश्यांच्या चार पेट्या मिळून जेवढा मध देतात, त्याच्या साधारण दीडपट मध 60,000 माश्यांची एकच पेटी देते. कारण साधं आहे. लहान वसाहतीत निम्म्याहून जास्त माश्या पिलाव्याला (अंडी, अळ्या, कोष) ऊब देण्यात आणि भरवण्यातच गुंतलेल्या असतात. वसाहत मोठी झाली की माश्यांच्या मानाने पिलावा कमी पडतो आणि मोकळ्या झालेल्या माश्या रानात जातात.

पण दुसरी राणी हवी कधी, यावर सगळं ठरतं. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला 21 दिवस लागतात आणि ती रानात मधाला जायला आणखी सुमारे तीन आठवडे. म्हणजे आज घातलेल्या अंड्याचा उपयोग सहा आठवड्यांनी. मोहरीचा भर डिसेंबरअखेरीस धरला, तर नोव्हेंबरच्या मध्यावर दोन्ही राण्या पूर्ण जोरात अंडी घालत असल्या पाहिजेत. त्याच्याही मागे जायचं तर राणी तयार करायचं काम दसऱ्याच्या आसपास लागतं. एक दिवसाची अळी पोळ्यातून अलगद उचलून (ग्राफ्टिंग करून) राणीघराच्या छोट्या कपात ठेवली, की साधारण बारा दिवसांत राणी बाहेर येते. मग आठवडाभरात तिचं मिलन आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत पहिली अंडी. दिवाळीत आमच्या घरी फराळापेक्षा न्यूक्लियस पेट्यांची, म्हणजे नव्या राणीसाठी थोड्या माश्या घालून केलेल्या छोट्या पेट्यांची चर्चा जास्त असते.

सगळ्यात नाजूक टप्पा मिलनाचा. कोवळी राणी दुपारी एक ते चारच्या दरम्यान उडते आणि नेमक्या त्याच वेळी वेडे राघू विजेच्या तारांवर ओळीने बसलेले असतात. तारेवरून सुटायचं, हवेत माशी धरायची, परत तारेवर येऊन ती आपटायची. कामकरी गेली तर फरक पडत नाही, राणी गेली तर ती न्यूक्लियस पेटी संपलीच. म्हणून मी या छोट्या पेट्या तारांपासून लांब, चिंचेखाली एकमेकींपासून अंतर सोडून ठेवतो आणि प्रत्येकीच्या दारावर वेगळा रंग लावतो, म्हणजे परतलेली राणी शेजारच्या घरात शिरत नाही. लागतील त्यापेक्षा जास्त राण्या करतो, कारण सगळ्या परत येत नाहीत.

राणी ज्यात वाढते ती राणीघरं मात्र वेळेत वेगळी करावी लागतात. एका रात्री धाकटा भाऊ पेटीला कान लावून बसला आणि म्हणाला, "दादा, इकडे ये, ऐक." आतून एक लांब आणि मागोमाग काही तुटक सूर येत होते, पिपाणीसारखे. पहिली राणी बाहेर पडली होती. थोड्या वेळाने त्याला उत्तर म्हणून जाड, दबका आवाज आला, तो अजून बंद राणीघरात असलेल्या बहिणींचा. बाहेर आलेली राणी त्या बंद घरांना शोधून, बाजूने भोक पाडून आतल्या राणीला डंख मारते. तिच्या डंखाला कामकरीसारखे मोठे काटे नसतात, त्यामुळे तो अडकत नाही आणि ती पुन्हा पुन्हा वापरू शकते. तो ती जवळजवळ फक्त दुसऱ्या राणीसाठीच राखून ठेवते. बॅटरी लावून आम्ही उरलेली राणीघरं त्याच रात्री काढून दुसऱ्या पेट्यांना दिली.

दोन राण्या एकत्र नांदतात त्या एकमेकींपर्यंत पोचू शकत नाहीत म्हणून. माझी मांडणी अशी: तळाला जुन्या राणीची कोठी (पिलाव्याचा कप्पा), तिच्यावर राणी जाळी, मग मधकोठी (मध साठवायचा कप्पा), पुन्हा राणी जाळी आणि सगळ्यात वर नव्या राणीची कोठी. जाळीतून कामकरी माशी निघते, राणीचं अंग अडतं. एकच जाळी ठेवली तर दोन्ही बाजूंनी राण्या तिच्यापाशी येऊन भिडू शकतात, म्हणून मध्ये मधकोठीचं अंतर हवंच. माश्या मात्र वर-खाली फिरतात आणि दोन्ही राण्यांचा गंध सगळीकडे पोचवतात. अशा पेटीतून थवा निघायचं, म्हणजे बऱ्याच माश्या राणीसह घर सोडून जायचं प्रमाण मला कमी दिसलं आहे.

भरतपूरला पोचल्याच्या संध्याकाळीच पेट्या एकावर एक चढवतो, म्हणजे सकाळी सगळ्या माश्या नवी जागा एकदमच ओळखतात. सुरुवातीचे काही दिवस मध्ये दुहेरी तारजाळीची फळी. खालची ऊब आणि वास वर जातो, पण माश्यांची तोंडं भिडत नाहीत. नंतर फळी काढून जाळ्या आणि मधकोठी बसवताना मध्ये वर्तमानपत्राचा एक कागद पसरतो. माश्या तो कुरतडत कुरतडत एक होतात आणि दारापुढे कागदाचा बारीक भुगा पडतो. तो भुगा दिसला की माझा जीव भांड्यात पडतो.

वरच्या कोठीला स्वतःचं दार पाहिजेच आणि ते खालच्याच्या विरुद्ध दिशेला. याचं एक कारण बरेच जण धरत नाहीत: नर जाळीतून निघू शकत नाहीत. वर दार नसेल तर वरचे नर बाहेर पडायला धडपडतात, जाळीत डोकं अडकून मरतात आणि मेलेल्या नरांनी जाळी बुजली की कामकऱ्यांचा रस्ताही बंद.

जानेवारीत तिकडे सकाळी धुकं असतं आणि रात्री चांगलीच थंडी. एकटी ठेवलेली छोटी वसाहत अशा वेळी पिलावा राखताना थकते. दोन राण्यांच्या पेटीत वरच्या पिलाव्याला खालून ऊब मिळते आणि ऊन पडताच दोन्ही दारांतून माश्यांची रीघ लागते. ते बघायला मी चहाचा कप घेऊन शेताच्या बांधावर उभा राहतो. कष्ट मात्र भरपूर. खालची कोठी बघायची तर वरचं सगळं उतरवावं लागतं आणि भरलेली मधकोठी उचलताना कंबर बोलते.

मधाचा हिशेब करताना दोन राण्यांच्या पेटीची तुलना दोन एकेरी पेट्यांशीच करावी, एकीशी नाही. तसा धरूनही आमचा मध वाढला. काही पेट्यांत वरची राणी हंगामातच नाहीशी झाली. तिथे खालची राणी काम करत राहिली, पेटी एकेरी झाली, एवढंच.

चीनमध्ये राण्यांच्या जबड्यांची टोकं कापून अनेक राण्या जाळीशिवाय एकत्र ठेवतात. राणीला इजा करून मिळणारी वाढ मला नको. सातेरीवरही, म्हणजे आपल्या देशी मधमाशीवरही, मी दोन राण्यांचं हे करत नाही. तिची राणी अंगाने लहान, मेलिफेराची जाळी तिला अडवत नाही, आणि एवढी हाताळणी झाली तर सातेरी घर सोडून निघून जाते.

जानेवारीच्या अखेरीस दुसऱ्या राणीचं काम मोहरीपुरतं संपतं. त्यानंतरच्या अंड्यांच्या माश्या मोहरी बघत नाहीत. पण आम्ही तिला मारत नाही. फेब्रुवारीत इकडे नगरला कांद्याच्या बियाण्याचे डोंगळे फुलतात आणि शेतकरी परागीभवनासाठी भाडं देतो ते पेटीमागे. कांद्याच्या फुलातला मकरंद माश्यांना फारसा रुचत नाही, म्हणून तिथे माश्यांनी भरलेली पेटीच लागते. परतायच्या आधी मधकोठी आणि जाळ्या काढतो, वरची कोठी उचलून तिला स्वतःचा तळ आणि झाकण देतो, दोन्हीकडे माश्या आणि पिलावा सारखा वाटतो आणि रात्री ट्रकमध्ये दोन पेट्या म्हणून चढवतो.