सेवा करताच, मग पद कशाला?

“सेवा तर तुम्ही करतच आहात, मग डीकनपद कशाला हवे?” हा प्रश्न मला, एका स्त्रीला, इतक्या जणांनी, आणि त्याहून अधिक जणींनी विचारला आहे की एकदा नीट उत्तर देणे भाग आहे. डीकन म्हणजे ख्रिस्ती मंडळीत, अर्थात चर्चमध्ये, गरजूंच्या मदतीसारखी सेवा सांभाळणारा पदाधिकारी.

स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये असे सांगणारा, बायबलमधील तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय मला कोणी पुन्हा वाचून दाखवू नये. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात डीकनांचे गुण सांगता सांगता अकराव्या वचनात पौल स्त्रियांकडे वळतो. त्या डीकनांच्या पत्नी की स्वतः डीकन, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पूर्वी मला वाटे, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल जिला मंडळीची सेविका म्हणतो (मूळ ग्रीक शब्द ‘डीकन’चाच), त्या किंख्रियाच्या फिबीचे नाव घेतले की वाद मिटला. आज तसे म्हणवत नाही. चाळिशीच्या आतील स्त्रीला डीकनपदाची दीक्षा देऊ नये, असा नियम खाल्किदोन येथील चर्चच्या धर्मपरिषदेने ४५१ साली केला, म्हणजे त्यापुढच्या वयात दीक्षा मिळत होती. पण स्त्रियांच्या बाप्तिस्म्यात साहाय्य करणे, आजारी स्त्रियांना भेटणे ही त्या काळच्या स्त्री-डीकनाची कामे पुरुष डीकनाच्या कामाशी सर्वस्वी एक होती, असे मी म्हणू शकत नाही.

माझे नाव सुचवले गेले त्या सभेत, चर्चा मोकळेपणाने व्हावी म्हणून मला बाहेर थांबण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते. थोड्या वेळाने दार उघडून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलजनांपैकी एकाने माझी वही मागितली. मंडळीतील गरजू विधवांची यादी, प्रत्येक घरची अडचण, कोणाला कोणासमोर मदत घेण्याची लाज वाटते, हे सारे तीत होते. मी वही दिली. नंतर आत बोलावून सांगण्यात आले की स्त्रीचे नाव विचारात घेता येणार नाही, माझ्या सेवेबद्दल सर्व जण आभारी आहेत, आणि वही यापुढेही मीच लिहावी, फक्त बैठकीत ती नव्या डीकनाने मांडावी. मग सर्वांनी माझ्यासाठी प्रार्थना केली आणि मीही ‘आमेन’ म्हटले.

बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात, परंपरेने पहिले डीकन मानले जाणारे सात जण निवडले गेले ते विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होत होती म्हणूनच, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

होय, मला मानही हवा होता. ते नाकारणे खोटेपणाचे होईल. पण ज्या बाईची अडचण तिने केवळ माझ्याजवळ सांगितली, तिच्यासाठी निर्णयाच्या वेळी बोलण्याचा अधिकार मला अधिक हवा होता. निवडलेल्या पुरुषाला ‘पद कशाला’ असे कोणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही. पुढच्या निवडीत नाव देऊ द्यावे की नाही, हे अजून माझे ठरलेले नाही.