योउन आणि स्येरा योउन

जेवण झाल्यावर डोळा लागेपर्यंत कुठला तरी कोश चाळायचा, ही माझी जुनी खोड. काल 'प्रेस्तुर' हाती लागला. आइसलँडिक आणि फेरोई (डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांची भाषा), दोन्ही भाषांत पाद्री म्हणजे प्रेस्तुर. मागे मागे जात राहिलं की लॅटिन लागतं, त्याच्याही मागे ग्रीक 'प्रेस्ब्युतेरोस'. अर्थ काय, तर वयाने मोठा. आपल्या मराठी बायबलात त्याला सरळ 'वडील' म्हटलंय.

बरं, आइसलँडमध्ये पाद्र्याच्या नावाआधी 'स्येरा' लावतात. तो आला फ्रेंच 'सिर'वरून, ते लॅटिन 'सेनिओर'वरून. म्हणजे पुन्हा वयाने मोठाच! आणि हे कुठे, तर जिथे टेलिफोन डिरेक्टरीसुद्धा पहिल्या नावाने लावायची रीत होती, राष्ट्राध्यक्षांनाही नावानेच हाक. म्हणून त्यांची म्हण आहे : योउन (तिकडचं अगदी सर्रास नाव) आणि स्येरा योउन एक नव्हेत. ही म्हण आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. १९७४ साली तिथे पहिल्यांदा एका बाईंना दीक्षा मिळाली, औदुर एइर त्यांचं नाव. त्याही प्रेस्तुरच, शब्द पुल्लिंगी असला तरी.

फेरो बेटांवर आणखी मजा. फेरोई कशी लिहायची ते १८४६ साली हामर्सहाइम्ब यांनी ठरवून दिलं. ते स्वतः पुढे पाद्री झाले, आणि चर्चमधली भाषा मात्र तेव्हा डॅनिश!

वयाने मोठा यावरून आठवलं. आमच्या घरचे म्हातारे गुरुजी गेले, त्या वर्षी गणपतीला त्यांचा नातू आला. सतरा-अठराचा, ओठांवर नुकती लव. आजी ऐंशीची. पूजा आटोपली, दक्षिणा दिली आणि आजी कमरेवर हात ठेवून वाकायला लागली. तो बिचारा पाटावरून मागे सरकत सरकत भिंतीला टेकला.

"अहो आजी, नको!"

"तुम्हाला नाही हो गुरुजी," आजी वाकता वाकता म्हणाली, "पाटाला करतेय."

परवा सत्यनारायणाला तोच आला होता. केस पार पिकलेत. मनातल्या मनात हिशेब केला, माझ्याहून सहाच वर्षांनी मोठा. म्हणजे वडील आहे खरा. पण त्याला अहो म्हणावं की अरे, ते मला अजून ठरवता येत नाही. मी आपला 'चहा टाकू ना?' विचारून वेळ मारून नेतो.