डोरेमॉनचं तोंड काही सुकेना

'आयसिंग रात्रभर तसंच ठेवा, मस्त सुकतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला पावसाळ्यात डोंबिवलीला राहायला बोलवायचंय. आयसिंग म्हणजे कुकीजवर चढवायचा साखरेचा रंगीत थर, आणि कुकीजच्या झाडून सगळ्या व्हिडिओंत हे वाक्य आहे. सामान जिथून आणलं त्या दुकानातल्या काकांनीही पिशवी हातात देताना तेच ऐकवलं. कुठल्या गावची रात्र, ते मात्र कोणी सांगत नाही.

डोरेमॉन या कार्टूनमधल्या रोबो-बोक्याचा वाढदिवस 3 सप्टेंबरला असतो. साल 2112, म्हणजे बिचारा अजून जन्मालाच यायचाय, पण आमच्या चिरंजीवांना तारीख पाठ. त्या दिवशी बिल्डिंगमधल्या पोरांना डोरेमॉनच्या तोंडाच्या कुकीज वाटायच्या, असं परस्पर ठरवून तो मोकळा झाला. 2005 मध्ये हंगामा चॅनलवर हा जपानी बोका हिंदीत बोलायला लागला तेव्हा माझा धाकटा भाऊ टीव्हीसमोरून हलायचा नाही, आता हा हलत नाही. त्यामुळे फोनवरून मामाचाही भाच्याला भक्कम पाठिंबा.

बिस्किटांचं काम फार नाही. पाव किलो मैदा, 125 ग्रॅम बिनमिठाचं बटर, 100 ग्रॅम पिठीसाखर, व्हॅनिला आणि गोळा जमेल इतपत दोन-तीन चमचे दूध. बेकिंग पावडर किंवा सोडा अजिबात नको, नाहीतर नानकटाईसारखं फुलून गोल तोंड वेडंवाकडं होतं. दोन बटर पेपरच्या मध्ये जाडसर लाटायचं, कापलेले गोल ताटलीसकट पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि 170 अंशांवर कडा जरा तांबूस होईपर्यंत भाजायचे. डोरेमॉनचे कान उंदराने कुरतडलेत हे आपल्या पथ्यावरच पडतं, कारण साच्यासाठी पैसे घालवावे लागत नाहीत. घरातली वाटी पालथी घालायची की झालं.

इथवर सगळं सुरळीत. मग आयसिंग.

श्रावण चालू होता, त्यामुळे घरात अंडं नाही. रॉयल आयसिंग म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगर. 'मेरिंग पावडर' नावाने मिळते तीही वाळवलेली अंडीच, म्हणून पाकीट उलटून हिरवा ठिपका बघून घ्या. अंड्याशिवायच्या रॉयल आयसिंगची तयार पावडर मिळते, मी ती घेतली. नुसत्या दुधात कालवलेली साखरही चालते म्हणतात. चालत असेल, पण ती आणखी उशिरा सुकते, म्हणजे आमच्याकडे बहुतेक दिवाळीला सुकली असती.

आता डोरेमॉनचं तोंड बघा. बाहेर निळा गोल, आत पांढरा चेहरा, वर चिकटलेले दोन डोळे, लाल नाक, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिश्या. चार रंग, आणि एक सुकल्याशिवाय शेजारी दुसरा लावायचा नाही, नाहीतर निळा पांढऱ्यात उतरतो आणि चेहऱ्यावर कोणी मुस्कटात मारल्यासारखा वळ उठतो. म्हणजे 'रात्रभर' ही एकदाच नाही, दर रंगाला आलीच.

संध्याकाळी निळा भरला. पातेलीत चमच्याने रेघ मारल्यावर ती दहा-पंधरा सेकंदांत बुजली पाहिजे, इतकं पातळ आयसिंग भरायला लागतं. ते जमलं होतं. ताटं डायनिंग टेबलावर मांडली आणि वर पंखा पाचवर. सकाळी बोट लावलं तर बोटाला निळं. दुपारी वरती पातळशी साय धरलेली, खाली चिखल. बाहेर पाऊस धो धो, हवेत ऐंशी-नव्वद टक्के दमटपणा, आणि साखर म्हणजे हवेतलं पाणी ओढायला बसलेलीच. पंखा तीच ओली हवा गोल गोल फिरवणार, दुसरं काय करणार? त्यात मुंग्या आल्या, म्हणून ताटांच्या खाली पाण्याच्या परातीत वाट्या पालथ्या घातल्या. म्हणजे ज्या पाण्यावर वैतागले होते तेच आणखी शेजारी आणून ठेवलं.

चिरंजीव दर अर्ध्या तासाने येऊन 'झालं?' विचारत होते. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "अगं, श्रावणात कोणी वाळवण घालतं का? कुरडया आपण चैत्र-वैशाखात करतो त्या काय हौस म्हणून?" मी म्हटलं, "आई, डोरेमॉनला वैशाखात जन्माला यायला सांगा." त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही.

ओव्हनची शक्कल बऱ्याच जणी सांगतात. ओटीजी सगळ्यात कमी आचेवर लावून दार किलकिलं ठेवायचं, दहा मिनिटं. वरची साय त्याने लवकर धरते हे खरं. पण जास्त वेळ ठेवलं तर आतलं लोणी सुटून आयसिंगवर तेलकट डाग येतात, आणि माझ्या ओटीजीतली सगळ्यात कमी आचही या कामाला बरीच होते.

मार्ग निघाला तो एसीने. बेडरूमचा एसी ड्राय मोडवर, खिडक्या बंद, दाराखालच्या फटीला पंचा, पलंगावर ताटं. आम्ही सगळे हॉलमध्ये गाद्या घालून झोपलो. नवरा म्हणाला, "बोक्याला एसी आणि आपल्याला डास." पण सकाळी नखाने टकटक केलं तर आवाज आला! निळा कडक, वर छान चकाकी. त्या टकटकीचा मला इतका आनंद झाला की मी घरात सगळ्यांना उठवून ती ऐकवली. पांढरा भरला, तोही त्याच खोलीत संध्याकाळपर्यंत बसला. तेव्हा पावसाळ्यात एसीची खोली नसेल तर हा घाट घालू नका, किंवा ज्यांच्याकडे आहे त्या शेजारणीला आधी दोन कुकीज कबूल करा.

निळ्या रंगाबद्दल राहिलंच. पाण्यासारखा पातळ रंग घेऊ नका, गडद निळा येईपर्यंत आयसिंगचं पाणी होतं. जेलचा रंग घ्या, आणि हवाय त्यापेक्षा एक छटा फिकाच थांबा, कारण तो ठेवल्यावर आपोआप गडद होतो. आमच्या गॅलरीत गोकर्णाचा वेल आहे, त्याच्या फुलांचाही सुंदर निळा निघतो. फक्त त्या आयसिंगमध्ये लिंबू पिळू नका, डोरेमॉन जांभळा होईल. आणि रंग कणकेतच मळू म्हणाल तर आपलं नेहमीचं पिवळं बटर आणि निळा मिळून हिरवट काहीतरी होतं. तसा डोरेमॉन मुळात पिवळाच होता, निळा नंतर झाला. हे मी चिरंजीवांना सुचवून पाहिलं. त्यांनी मामाला फोन लावला.

मिश्या आणि डोळ्यांच्या रेघांसाठी काळं आयसिंग करूच नका. काळा रंग पांढऱ्यात हमखास पसरतो, आणि खायच्या रंगाचं पेन मऊ आयसिंगला ओरखडे काढतं. डार्क कंपाउंड चॉकलेट वितळवून मेंदीच्या कोनासारख्या बारीक कोनात भरा. ते स्निग्ध असल्यामुळे पसरत नाही आणि बघता बघता घट्ट होतं. हे एक काम दमट हवेतही निमूट झालं. नाकासाठी लाल आयसिंगचा टिपका, पांढरा पूर्ण टणक झाल्यावर.

आणखी एक, हे खरं आधी सांगायला हवं होतं. बिस्किटं आठवडाभर आधी भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तरी चांगली राहतात, त्यामुळे ती शेवटच्या दिवसांवर ढकलू नका. ते दिवस सगळे सुकवण्यात जाणार आहेत. सुकलेल्या कुकीज फ्रीजमध्येही ठेवायच्या नाहीत, बाहेर काढल्या की घाम सुटतो आणि केलेलं सगळं पुन्हा चिकट. एसीच्या खोलीतच डब्यात भरा, दर थरात बटर पेपर. वाटायच्या दिवशी पोरांना पांढरे शर्ट घालून बोलावू नका. जिभा निळ्या होतात त्या संध्याकाळपर्यंत उतरतात, शर्टांचं सांगता येत नाही.