नऊ एकांचा वर्ग

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे आली ती एक सतरा अंकी संख्या : १२३४५६७८९८७६५४३२१.

आठवीत गणिताच्या सरांनी ती आमच्याकडूनच काढून घेतली. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपाशी आल्यावर सर म्हणाले, "आता पाढा नको, पूर्ण गुणाकार मांडा." चौकटीच्या वहीत नऊ ओळी उतरल्या, प्रत्येक ओळीत नऊ एक, दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. बेरजेला उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच एक, दुसऱ्यात दोन, मधल्या रकान्यात बरोबर नऊ, आणि मग पुन्हा एकेक कमी. हातचा कुठेच नाही! सगळ्या अंकांची बेरीज केली तर ८१, तीही नऊचा वर्ग.

देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली स्टेशन. तिथेच त्यांना ही कल्पना सुचली. कापरेकर म्हटलं की लोकांना ६१७४ आठवतो : चार अंकी संख्येचे अंक (सगळे सारखे नसलेले) उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करत राहिलं की शेवटी येणारा आकडा. मला मात्र डेम्लो संख्याच जास्त जवळच्या वाटतात, कारण त्यांचं गुपित शाळकरी पोराला स्वतःच्या हातांनी उलगडता येतं. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा : ९९९९९९९९. दोन्ही टोकं मिळून मधलाच अंक पुन्हा पुन्हा उमटतो.

अवयव पाडायला पुढे कॉलेजात बसले. १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७, आणि यातला ३३३६६७ मूळ संख्या आहे. म्हणून आपल्या संख्येला एकूण ४५ विभाजक. विभाजकांची संख्या विषम आली ती ही संख्या पूर्ण वर्ग आहे म्हणून. बाकीचे विभाजक जोडीजोडीने येतात, वर्गमूळ तेवढं स्वतःचीच जोडी. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तल्या एकं-दहं-शतं अशा स्थानांच्या यादीत या संख्येचा पहिला अंक 'मध्य' या घरात बसतो, परार्ध या शेवटच्या घराच्या एक घर अलीकडे.

पण सरांचा खरा मोठेपणा पुढच्या तासाला दिसला. त्यांनी दहा एकांचा वर्ग करायला दिला. आम्ही न मांडताच उत्तर ओरडलो. सर काही बोलले नाहीत, खडू पुढे केला. मधल्या रकान्यात दहा एक आले, शून्य लिहून हातचा एक डावीकडे गेला; तिथे नऊ होते, त्यांचेही दहा झाले, पुन्हा हातचा. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! वर्ग चिडीचूप, आणि मग एकच गलका : का? दशमान पद्धतीत एका घरात नऊच्या वर काही मावत नाही, एवढंच ते कारण. पण ते आम्हाला सांगितलं गेलं नाही, सापडलं.

नव्या इमारतीत गणिताची खोली होते आहे असं कळलं. तिच्या भिंतीवर नऊ एकांचा वर्ग जरूर रंगवावा, पण त्याच्या खाली दहा एकांचाही असावा, पूर्ण गुणाकारासकट, हातचे दाखवून.